नाणेघाट आणि आमचे करंज

वानप्रस्थ हा शब्द आतां कोशांत आणि कीर्तनांत तेवढा उरला आहे. पुत्र कर्ते झाले, नातवंडें अंगणांत खेळूं लागलीं, म्हणजे गृहस्थानें अरण्याची वाट धरावी, असें स्मृतिकार सांगतात. पण त्याच ठिकाणीं मनूनें एक विकल्प ठेविला आहे, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. भार्येस पुत्रांच्या हवालीं करून एकट्यानें निघावें, किंवा तिच्यासह निघावें, असे दोन्ही मार्ग त्यानें मोकळे ठेविले आहेत. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां हें वचन आम्हीं कितीदां तरी वाचलें असेल. परंतु सेवानिवृत्तीनंतर आमच्या घरांत जो वाद उपस्थित झाला, तेव्हां कुठें त्यांतील 'किंवा' या शब्दाचें मोल आम्हांस कळलें.

आम्हांस लेणीं व शिलालेख पाहण्याचा नाद जुना आहे. घर जुन्नराजवळच्या एका लहान गांवीं, त्यामुळें तो पुरविण्यास लांब जावें लागत नाहीं. 2018 सालीं शाळेंतून मोकळे झालों आणि आतां मनसोक्त डोंगर हिंडणार, असें आम्हीं घरांत जाहीर केलें. थोरले चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही खुशाल जा, बरोबर एखादा जाणता माणूस घ्या म्हणजे झालें. पण आईला त्या कड्याकपारींत नेऊं नका. तिचे गुडघे कसे आहेत तें तुम्हांला ठाऊकच आहे." धाकटे चिरंजीव, दोघी सुना आणि आमच्या वडील वहिनी, सर्वांचें मत तेंच पडलें. एकत्र कुटुंबांत इतकें एकमत लग्नकार्याच्या प्रसंगींही होत नाहीं! सौभाग्यवती तांदूळ निवडीत बसली होती. सूप खालीं न ठेवितांच ती म्हणाली, "गुडघे माझे आहेत, त्यांचें काय तें मी पाहीन. पस्तीस वर्षें ह्यांनीं लेणीं पाहिलीं आणि मीं तीं घरीं बसून ऐकलीं. आतां ऐकणें पुरें झालें." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि आमच्या उभयतांच्या भटकंतीस तेथून आरंभ झाला.

जुन्नराभोंवतालच्या डोंगरांत लहानमोठीं मिळून 200 हून अधिक कोरीव कामें आहेत. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्रि हे त्यांतील मुख्य समूह. अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मजाचें स्थान लेण्याद्रीवर असल्यामुळें तेथें भाविकांची रीघ असते; पण तें मंदिर मूळचा बौद्ध विहार होय आणि त्याच्या शेजारींच सुंदर चैत्यगृह आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. अजिंठ्यासारखीं चित्रें येथें नाहींत, वेरूळासारखीं भव्य शिल्पेंही नाहींत. म्हणून घाईचा प्रवासी निराश होऊन परततो. येथील संपत्ति निराळी आहे. ती भिंतींवरच्या लहान लहान लेखांत आहे. आणि तो खजिना ज्याला उघडावयाचा असेल त्यानें ब्राह्मी लिपि शिकली पाहिजे.

ही लिपि वाटते तितकी अवघड नाहीं. आपली देवनागरी तिच्याच वंशांतली. 'क' म्हणजे बेरजेची खूण, 'र' म्हणजे एक उभी रेघ, 'ग' म्हणजे कौलारू घराचें छप्पर, 'थ' म्हणजे मध्यें टिंब असलेलें वर्तुळ. आणि 'ठ' म्हणजे नुसतें वर्तुळ, जें आजच्या 'ठ'च्या पोटांत अद्यापि जसेंच्या तसें आहे. आम्हीं तक्ता करून भिंतीवर लाविला आणि विद्यार्थ्यासारखे घोकूं लागलों. सौभाग्यवतीनें मात्र घोकलें नाहीं. तिनें रोज सकाळीं अंगण सारवून झाल्यावर रांगोळीनें एकेका नातवंडाचें नांव ब्राह्मींत काढण्याचा परिपाठ ठेविला. महिन्याभरांत तिला सगळीं अक्षरें हातांत आलीं. आम्ही अजून 'व' आणि 'च' यांत अडखळत होतों. दूध घालणाऱ्या गड्यानें एकदां उंबऱ्यापाशीं थबकून विचारलें, "वहिनी, हें कोणत्या देवाचें यंत्र म्हणायचं?"

झिजलेला लेख वाचण्याची एक युक्ति येथें सांगून ठेवतों, कारण तिच्यावांचून डोळ्यांना नुसते खाचखळगे दिसतात. उजेड समोरून टाकूं नये. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरावी; म्हणजे अक्षराच्या एका कांठावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली पडते आणि अक्षर दगडांतून वर उचलल्यासारखें दिसतें. या कामास दोन माणसें लागतात. एकानें उजेड हळूहळू सरकवावा आणि दुसऱ्यानें लिहून घ्यावें. एकट्या दुकट्या पंडितापेक्षां समजूतदार जोडप्याचें काम येथें अधिक चांगलें होतें, असें आमचें मत झालें आहे.

हे लेख बहुतेक दानाचे आहेत. 'देयधम' हा शब्द पदोपदीं भेटतो. देयधर्म, म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तु. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचें नांव आहे. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें दोन 'पोढी' दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे खडकांत खोदलेलें पाण्याचें टाकें. चिट नांवाच्या दुसऱ्या यवनानें भोजनमंडप दिला. कोठला कोण हा यवन, समुद्र ओलांडून आला, घाट चढला आणि भिक्षूंना जेवावयास जागा करून देऊन गेला! सौभाग्यवतीनें हे लेख ऐकून म्हटलें, "म्हणजे आपल्या देवळांत फरशीवर नांवें असतात तशींच कीं हीं. अमक्याच्या स्मरणार्थ पांचशें रुपये." उपमा अगदीं चपखल आहे, यांत शंका नाहीं.

त्यांतल्या एका लेखानें मात्र आम्हांस कामाला लाविलें. अदुथुम नांवाच्या एका शक उपासकानें जमिनीचें उत्पन्न कोणाचिक नांवाच्या श्रेणीकडे कायम ठेवीसारखें सोंपविलें आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्याच्या लोकांची पेढीवजा संस्था. हेतु काय, तर 20 निवर्तनें जमिनीच्या उत्पन्नांतून करंजाचीं झाडें लावावीं आणि 9 निवर्तनांच्या उत्पन्नांतून वडाचीं. मंडप नव्हे, मूर्ति नव्हे, झाडें. आणि तीं सुद्धां आंब्याफणसाचीं नव्हत, करंजाचीं!

वड कां, हें कोणीही सांगेल. करंज कां, हा प्रश्न मात्र आम्हां दोघांना पुष्कळ दिवस पुरला. करंजास संस्कृतांत नक्तमाल असेंही नांव आहे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत अजाचें सैन्य नर्मदातीरीं उतरतें, तेथें हीं झाडें वाऱ्यावर डुलत असतात. त्याचें बीं कडू, पण तेलकट. खेड्यांतून पूर्वी दिव्याला करंजेल जाळीत, आणि खरजेवर अजून लावतात. आमचा तर्क असा कीं, लेण्याच्या अंधारांत राहणाऱ्या भिक्षूंना दिव्याचें तेल लागे आणि तें या झाडांपासून मिळे. लेखांत तसें लिहिलेलें नाहीं, तेव्हां हा तर्क तर्कापुरताच घ्यावा. सौभाग्यवतीचा तर्क निराळा आहे. ती म्हणते, करंज शेळ्या सहसा खात नाहींत. दान देणारा माणूस हुशार होता. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडीं जुनीं पानें गळालीं कीं थोड्याच दिवसांत करंजास नवी तकतकीत पालवी फुटते, आणि ऐन वैशाखांत, जेव्हां वाटसराला सावलीची खरी गरज, तेव्हां तें झाड गर्द असतें.

आमच्या गांवांतून शाळेकडे जाणारी एक पाणंद आहे, पूर्वपश्चिम, अर्ध्या कोसाची. दोहों बाजूंस उसाचीं शेतें, आणि वाटेवर सावलीचें नांव नाहीं. चैत्रवैशाखांत मुलें डोक्यावर दप्तर धरून पळत घरीं येतात, तें आम्हीं वर्षानुवर्षें पाहिलें होतें. तिच्या कडेला करंज लावावे असें आम्हां उभयतांच्या मनानें घेतलें. ग्रामपंचायतीची परवानगी मिळाली. अडचण निघाली ती शेजारच्या शेतकऱ्याची. झाडाच्या सावलीनें ऊस खुरटतो आणि करंजाच्या मुळ्या शेतांत घुसून नवे फुटवे काढतात, असें त्याचें म्हणणें. तें खोटें नव्हतें. सौभाग्यवतीनें त्यास घरीं बोलावून चहा दिला आणि त्याच्याच तोंडून उपाय काढून घेतला. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेस कललेला असतो, म्हणून सावली उत्तरेस पडते. तेव्हां झाडें वाटेच्या दक्षिण कडेलाच लावावीं, म्हणजे सावली वाटेवर येते आणि त्या बाजूचें शेत बहुतेक सुटतें. मुळ्यांसाठीं शेताच्या बांधालगत दोन फूट खोल चर घ्यावा. चर त्यानें स्वतःच घेतला, आमच्यानें तो झाला नसता.

बीं जमविण्याचें काम आम्ही 2018 च्या वैशाखांतच करून बसलों होतों. देवळाच्या विहिरीवर एक जुना करंज आहे, त्याच्या शेंगा वाळून खालीं पडतात. एका शेंगेंत बहुधा एकच बीं. तें फार दिवस ठेवलें तर रुजत नाहीं, म्हणून ताजेंच पेरावें. रात्रभर पाण्यांत भिजवून पिशव्यांतून लाविलें आणि पंधरवड्यांत अंकुर दिसूं लागले. वर्षभर रोपें परसांत वाढवून 2019 च्या आषाढांत 41 रोपें पाणंदीवर लाविलीं. पावसाळ्यांत काम सोपें असतें. खरी परीक्षा माघापासून. त्यावर जुना उपाय केला. प्रत्येक रोपापाशीं एक मडकें गळ्यापर्यंत पुरलें, त्याच्या बुडाला बारीक भोंक पाडून कापसाची वात ओंवली, आणि आठवड्यांतून दोनदां तीं भरलीं. पाणी झिरपत झिरपत मुळाशींच जातें, वाफ होऊन उडत नाहीं. 41 मडकीं भरावयास आम्हां दोघांना सकाळचे दोन तास लागत. तेंही ऊन वर आल्यावर. कारण आमच्या तालुक्यांत बिबटे आतां उसांतच जन्मतात आणि वाढतात, आणि अंधारांत उसाकांठीं वांकून काम करणें शहाणपणाचें नव्हे.

शेळ्यांनीं रोपांस खरोखर तोंड लाविलें नाहीं. पण 2021 च्या फाल्गुनांत तोडणीनंतर कोणीतरी पाचट पेटविलें, वारा फिरला, आणि एका सकाळीं पश्चिमेकडचीं दहा रोपें काळीं पडलेलीं दिसलीं. सौभाग्यवती त्या दिवशीं जेवली नाहीं. पाचट जाळल्यानें जमिनीचा कस जातो, तें कुजवावें, हें कृषिखात्याचे लोक घसा कोरडा करून सांगतात. पण कांडें लागावयाच्या आंत रान मोकळें करण्याची घाई असते, आणि काडी स्वस्त आहे. पुढें आणखी तीन रोपें किडीनें गेलीं. 28 राहिलीं आहेत. त्यांतलीं पूर्वेकडचीं आतां डोक्याच्या वर गेलीं असून त्यांना फिकट जांभळीं फुलें येऊं लागलीं आहेत. प्रत्येक झाडाची नोंद ठेवण्यासाठीं आम्हीं एक वही केली. तिचा पुढें संबंध येणार आहे.

आतां नाणेघाटाकडे वळूं. जुन्नरचीं लेणीं पाहतां पाहतां हें आमच्या ध्यानांत आलें कीं, हे सर्व दाते, कल्याणचा सुलसदत्त असो कीं यवन इरिल असो, ज्या वाटांनीं वर आले असतील त्यांतली मुख्य वाट नाणेघाटाची. कल्याणादि बंदरांतून माल उतरावा, बैलांच्या पाठीवर लादून सह्याद्रीच्या पायथ्याशीं आणावा, हा घाट चढून जुन्नरास यावें आणि पुढें पैठणाकडे जावें, असा सातवाहनांच्या काळचा रिवाज. घाटमाथ्यावर एकाच दगडांत कोरलेला मोठा रांजण आहे; त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत आणि म्हणून हा नाणेघाट, अशी समजूत आहे. कोणी घाटाचें नांव शेजारच्या 'नानाच्या आंगठ्या'वरून आलें असें म्हणतात. माथ्यापर्यंत आम्ही मोटारीनें पूर्वी गेलों होतों. पण ती वाट पायांखालीं घालून कोंकणांत उतरावें, ही सौभाग्यवतीची इच्छा. "दानें देणारे ज्या वाटेनें आले, ती मला एकदां तरी पायांनीं पाहूं द्या. आणखी चार वर्षांनीं म्हणाल तर मी येणार नाहीं." हें तिनें 2023 च्या दिवाळींत म्हटलें. गुडघ्यांचें दुखणें वाढत होतें, ती बोलत नव्हती इतकेंच.

2024 च्या पौषांत आम्ही निघालों. पावसाळ्यांत नाणेघाट फार रमणीय, हें खरें. समुद्रावरून येणारा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि धबधब्याचें पाणी खालीं पडूं न देतां उलट माथ्यावर उधळतो. तें पाहण्यास हल्लीं एवढी गर्दी लोटते कीं मोटारींची रांग घाटघरापर्यंत लागते. पण पावसाळ्यांत वाटेचे दगड शेवाळलेले असतात. आमच्या वयाच्या माणसांनीं मार्गशीर्ष आणि पौष हेच महिने धरावे. जुन्नराहून आपटाळें, चावंड, पूर अशीं गांवें घेत रस्ता घाटघरास जातो. अंतर सुमारें 30 किलोमीटर. वाटेंत माणिकडोहाचा जलाशय, चावंडचा बुलंद किल्ला, आणि पूर येथील कुकडेश्वराचें प्राचीन देवालय लागतें. तेथेंच कुकडी नदीचा उगम. ह्यांतील प्रत्येक स्थळ एकेका लेखाचें आहे, म्हणून आज नुसता नामोच्चार करून पुढें जातों. जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका दिसूं लागला म्हणजे माथा आला असें समजावें.

पुतण्या जीप घेऊन बरोबर होता. त्यानें आम्हांस माथ्यावर सोडावें, स्वतः माळशेज घाटानें फिरून खालीं वैशाखऱ्यास यावें, आणि आम्ही पायवाटेनें तेथें उतरावें, असें ठरलें होतें. सौभाग्यवतीनें सासूबाईंचें नऊवारी लुगडें कासोटा घालून नेसलें होतें. डोंगर उतरावयास याहून सोयीचा वेष अद्याप कोणी शिवलेला नाहीं, असें तिचें मत असून, त्या दिवशींचा अनुभव पाहतां तें खोडून काढणें अवघड आहे.

माथ्यावरून दोन कड्यांच्या खिंडींत उतरलें कीं थोड्याच पायऱ्यांनंतर डाव्या हातास तें प्रसिद्ध लेणें लागतें. शेजारीं पाण्याचीं टाकीं आहेत. लेणें म्हणजे एक चौरस दालन, तिन्ही भिंतींना दगडी बांक. डाव्या भिंतीवर लेखाच्या 10 ओळी, उजव्या भिंतीवर 10. मागच्या भिंतीवर एके काळीं आठ पुरुषभर उंचीच्या मूर्ति होत्या. आज पावलांच्या खुणांपलीकडे त्यांचें कांहीं शिल्लक नाहीं, मात्र कांहींच्या डोक्यावरचीं नांवें राहिलीं आहेत. कर्नल साईक्स यानें 1828 सालीं हें लेणें पाहिलें, तेव्हां ही लिपि जगांत कोणालाच वाचतां येत नव्हती. प्रिन्सेपनें ती 1837 सालीं उलगडली. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथल्या अंकांवरील आपला निबंध 1876 सालीं प्रसिद्ध केला, आणि बुल्हर यांचें वाचन 1883 सालीं छापलें गेलें.

हा लेख देवी नागनिकेचा. ती सातवाहन राजा श्रीसातकर्णि याची राणी. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्रसूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे, आणि पुढें यज्ञांची यादी: अश्वमेध, राजसूय आणि इतर पुष्कळ, आणि त्यांत दिलेली दक्षिणा. एका यज्ञाला 11,000 गाई आणि 1,000 घोडे, दुसऱ्याला 10,001 गाई, कोठें 24,400 कार्षापण. या आंकड्यांनीं भगवानलालांना वेड लाविलें तें कां, हें समजण्यासारखें आहे. शून्य नाहीं, दशमानाचीं स्थानें नाहींत. 24,400 लिहावयाचे तर वीस हजारांचें एक चिन्ह, चार हजारांचें एक आणि चारशांचें एक, अशीं तीन चिन्हें ओळीनें मांडलीं आहेत. आम्हीं सारें आयुष्य वर्गांत एकं दहं शतं शिकविलें. तें येण्यापूर्वीं हिशेब कसा लिहीत, याचा हा पुरावा हाताच्या अंतरावर होता. बॅटरी धरणाऱ्या हातास रग लागेपर्यंत आम्ही तो पाहत राहिलों.

पत्नी या शब्दाचें व्याकरण आम्हांस या लेण्यांत आठवल्यावांचून राहत नाहीं. पाणिनीनें हें रूप यज्ञाच्या संबंधांतच सिद्ध केलें आहे. पतीच्या यज्ञाशीं जिचा संयोग ती पत्नी. नागनिकेनें हे यज्ञ पतीसह केले, असें बुल्हर यांचें मत. तिनें ते स्वतःच्या अधिकारानें केले, असें अलीकडील कांहीं अभ्यासकांचें म्हणणें. लेख मध्येंच फुटलेला असल्यामुळें वादाला जागा आहे. ती एक एक महिना उपवास करणारी आणि घरांत तपस्विनीसारखी राहणारी होती, हें वर्णन मात्र लेखांत आहे. आणि बुल्हर यांच्या वाचनाप्रमाणें सातकर्णि निवर्तल्यावर, लहान मुलाच्या वतीनें राज्य चालवीत असतांना, तिनें हा लेख कोरविला.

हें सर्व आम्ही नेहमींप्रमाणें मास्तरकीच्या आवेशांत सांगत होतों. सौभाग्यवती मागच्या भिंतीपाशीं जाऊन उभी राहिली होती. तिनें बॅटरी आडवी धरून एक एक अक्षर लाविलें. राजा आणि राणी यांच्या दोन मूर्तींवर मिळून एकच मथळा आहे. "अहो, आधीं तिचें नांव आहे," ती म्हणाली, "मग त्याचें." तें खरें आहे, देवी नायनिका अगोदर, राजा श्रीसातकर्णि नंतर. मग जरा वेळानें तिनें विचारलें, "आणि हें सगळें तो गेल्यावर?"

"बुल्हरांच्या मतें तसें."

ती कांहीं बोलली नाहीं. टाक्यावर जाऊन तिनें तोंड धुतलें, दशम्यांचें गाठोडें सोडलें आणि मेतकूट व लिंबाचें लोणचें वाढीत असतां एकदम म्हणाली, "आपली ती झाडांची वही. तींत तुम्ही नक्तमाल आणि चिरबिल्व असलें काय काय लिहून ठेविलें आहे. उद्यां आपल्यांतलें एकच कोणी राहिलें, तर मुलांना तें कळायचें कसें? कोणतें झाड कधीं लाविलें, मडक्यांत पाणी किती दिवसांनीं, पाचटाच्या वेळीं कोणाला सांगून ठेवायचें, हें साध्या मराठींत लिहा." आम्ही म्हटलें, "तूंच लिही." "लिहीन," ती म्हणाली. पस्तीस वर्षें शाळेच्या प्रत्येक कागदावर आमचें अक्षर चाललें. एक वही हातांतून गेली तें त्या दशमीच्या घासाबरोबर.

लेण्यापासून खालची वाट प्रथम कातळांत खोदलेल्या झिजक्या पायऱ्यांची, मग सुट्या धोंड्यांची आणि शेवटीं झाडींतून उतरणारी. उतरणें चढण्याहून अवघड, हें गुडघे दुखणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे, कारण प्रत्येक पावलास सारा भार गुडघ्यावर येतो. उतरतांना काठी हातभर लांब घ्यावी आणि पाऊल टाकण्यापूर्वीं खालच्या पायरीवर टेकावी. मोठ्या पायरीला समोरून न जातां आडवें होऊन उतरावें. दुखरा पाय आधीं खालीं टाकावा, चांगला मागून. अर्ध्या तासानें पांच मिनिटें बसावें, मग थकवा असो वा नसो. तरणीं मंडळी आमच्याशेजारून उड्या मारीत गेलीं आणि "आजी, सावकाश" असें म्हणून गेलीं. एका वळणावर मात्र सौभाग्यवतीचा पाय खरोखरच वळला. ती खडकावर बसली, चेहरा पांढरा झाला. मागें चढण दोन तासांची, पुढें उतरण तितकीच. मध्यें ना दोली ना गडी. मुलांचें म्हणणें त्या क्षणीं आम्हांस अक्षरशः ऐकूं आलें. आम्हीं पंचा फाडून पट्टी घट्ट बांधली. ती दहा मिनिटें डोळे मिटून बसली, मग उठली आणि म्हणाली, "बैलसुद्धां या वाटेनें ओझें घेऊन उतरत असतील. चला." तेथून पुढें एका खांद्यावर तिचा हात आणि दुसऱ्या हातांत काठी, अशी आमची स्वारी चालली. इतर लोक जी वाट दोन अडीच तासांत उतरतात, तिला आम्हांस पांच तास लागले.

खालीं ओढ्याच्या कांठीं सपाटी लागली, तेथें एक भला थोरला करंज उभा होता, हिरव्या शेंगांनीं लहडलेला. आम्हीं पाणी प्यालों. तिनें मात्र आधीं झाडाच्या बुंध्याभोंवतीं हातानें माप घेतलें. दोघांची कव पुरली नाहीं. पुतण्या केव्हांच येऊन जीपमध्यें झोंपी गेला होता. परतीच्या वाटेवर माळशेज घाटांत ती पाय वर घेऊन बसली होती आणि त्याला बजावीत होती, "चैत्राच्या अखेरीस तुला एकदां इकडे यायचें आहे. पोतं घेऊन." घरीं थोरल्या चिरंजीवांनीं सुजलेला घोटा पाहिला. ते कांहीं बोलले नाहींत. हळद गरम करून आणली.

पुतण्यानें वैशाखांत शेंगा आणल्या. त्यांचीं 14 रोपें 2025 च्या आषाढांत पाणंदीच्या पश्चिम टोकास, जळलेल्या जागीं, लाविलीं. घोटा बरा झाला, गुडघे तसेच आहेत. सौभाग्यवती आतां मडकीं भरीत नाहीं, बांधावर बसून नातवंडांकडून भरून घेते आणि वही लिहिते. शेवटचें पान आम्हीं परवां चोरून पाहिलें. "पश्चिमेकडून तिसरें. पान गुंडाळणारी अळी. हातानें काढली. शनिवारीं परत पाहणें. शेजाऱ्यास पाचटाचें सांगितलें, हो म्हणाला. पुन्हां सांगणें."